गोव्यात झाडावरचा टॅरेंटुला ठेवताना डबा कसा असावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला कौलारू घर, एका मित्राकडून पिंकटोची (झाडावर राहणारा टॅरेंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी) अर्धवट वाढलेली मादी मिळणार आहे, पाय पसरून साधारण ८ सेंटीमीटरची. घरात माशांची दोन फुटी टाकी रिकामी पडलीय, ती वापरायचा विचार आहे. परदेशी व्हिडिओत ८० टक्के आर्द्रता राखा, रोज फवारा, हीट मॅट (डब्याला ऊब देणारी विजेची चटई) लावा असं सांगतात. पाऊस तर तोंडावर आलाय. मग टाकी चालेल का, मॅट कुठली घ्यावी आणि दिवसाला किती वेळा फवारायचं?

मॅट घेऊच नका. पावसाळ्यात फवारणी जवळजवळ बंद. आणि टाकी आहे तशी चालणार नाही, कारण ती रुंद आहे, बसकी आहे आणि तिच्यात हवा फक्त वरून शिरते. झाडावरच्या कोळ्याला ह्या तिन्ही गोष्टी नको असतात. पण टाकी विकू नका, तिचं काम पुढे सांगतो.

आधी ८० टक्क्यांचं प्रकरण मिटवू. ते व्हिडिओ करणारे बहुतेक थंड देशांतले. हिवाळ्यात त्यांची घरं हीटरवर चालतात, खोलीतली हवा खडखडीत कोरडी होते आणि डब्यातलं पाणी दिवसभरात उडून जातं. म्हणून त्यांची सगळी धडपड ओल आत अडवून ठेवण्याची. आपल्याकडे पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जुलैत कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते, मीठ पाझरतं, दोरीवरचे कपडे तीन दिवस दमट राहतात. बाहेरच्या हवेतच ओल एवढी असताना काचेच्या बंद डब्यात रोज आणखी पाणी मारायचं कशासाठी? ते ओल मोजायचे, डायलचे, चिकटवायचे हायग्रोमीटरही घेऊ नका. त्यातले बरेचसे चुकीचा आकडा दाखवतात आणि माणूस काट्याच्या मागे लागून फवारत सुटतो.

पिंकटो म्हणजे ॲविक्युलेरिया ॲविक्युलेरिया. लिनियसनं १७५८ साली वर्णन केलेली ही जात दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडची: गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, ब्राझीलचा वरचा भाग. पाऊस तिथेही धो धो. तेवढंच वाचून लोक म्हणतात, पावसाळी जंगलातला कोळी आहे, ओल हवीच. पण तो जमिनीवर राहत नाही. माडासारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात, फांदीच्या आडोशाला, कधी घराच्या वळचणीला रेशमाची नळी विणून बसतो. तिथे पाऊस आला तरी तासाभरात वारा सगळं सुकवून टाकतो. त्याला ओल सोसते ती चालत्या हवेत. हवा कोंडली आणि भिंतींना सतत घाम असला की बुरशी आणि जिवाणू माजतात, आणि बाकी धडधाकट दिसणारा पिंकटो एका सकाळी तळाशी पाय आखडून पडलेला सापडतो. पाळणाऱ्यांमध्ये ह्याला गूढ आजारासारखं नाव पडलंय. मला त्यात गूढ काही वाटत नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले असे डबे बहुतेक एकाच नमुन्याचे होते: झाकणाला चार भोकं, काचेला घाम, तळाशी काळाभोर ओला चिखल.

म्हणून गोव्यात डबा करताना माझा पहिला प्रश्न असतो, हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार. दोन समोरासमोरच्या बाजू निवडा. एका बाजूला भोकं खाली, मातीच्या थरापासून दोनेक बोटं वर. दुसऱ्या बाजूला भोकं वर, माथ्यापासून तेवढीच खाली. नुसती वर भोकं असली तर तळाची हवा हलत नाही आणि बुरशी तिथेच धरते. ८ सेंटीमीटरच्या कोळ्याला ३ ते ४ मिलिमीटरची भोकं ठीक, प्रत्येक बाजूला पंचवीस-तीस तरी हवीत. कोळ्याचं शरीर मऊ दिसतं, पण डोक्याकडचं कवच कडक असतं. ते ज्या भोकातून जातं तिथून बाकीचा कोळी जातो असं धरून चाला. बोटाच्या पेराएवढं पिल्लू असेल तर भोकं १ मिलिमीटरच्या वर नकोत.

तारेची जाळी आतून लावू नका. ह्याच्या पायांच्या टोकाला बारीक नखं असतात, ती जाळीत अडकतात आणि सुटायच्या झटापटीत पाय तुटतो. प्लास्टिकची मच्छरजाळी तर दातांनी कुरतडून भोक पाडतो. माश्या आत येऊ नयेत म्हणून जाळी लावायचीच असेल तर भोकांच्या बाहेरून बारीक स्टीलची लावा.

डबा तयार झाला की रिकामा असतानाच तपासा. खालच्या भोकांजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन वरच्या भोकांतून निघताना दिसला पाहिजे, नुसता तळाशी घुटमळत राहिला तर भोकं वाढवा. मग डबा पुसून, धुराचा वास जाईपर्यंत उघडा ठेवा आणि आतल्या एका भिंतीला पाण्याचे चार फवारे मारून खोलीत ठेवून द्या. भर पावसातही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते थेंब उडून गेले पाहिजेत. उडाले नाहीत तर कोळी अजून आणू नका.

आता डबा कुठला? पूर्ण वाढलेल्या पिंकटोला २०×२०×३० सेंटीमीटर पुरेसं होतं, ३० ही उंची. तुमच्या मादीला सध्या त्याहूनही लहान हवा. फार मोठ्या जागेत भक्ष्य हरवतं, कोळी खातोय की नाही कळत नाही आणि कोपऱ्यातली बुरशी नजरेत येत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली सोय म्हणजे किराणा दुकानात चकल्या, बिस्किटं ठेवतात ती रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, पाचेक लिटरची. ती उलटी करायची. झाकण खाली, त्यातच मातीचा थर, आणि बरणीचा बूड माथ्याला. हे उलटं करण्यामागे कारण आहे. पिंकटो आपली रेशमी नळी सगळ्यात वरच्या कोपऱ्यात विणतो. बरणी सरळ ठेवली तर ती नळी झाकणालाच चिकटते, आणि पाणी घालायला झाकण काढलं की महिनाभराचं विणकाम फाटतं. कोळी बिथरतो आणि तुमच्या मनगटावरून पळत सुटतो. उलट्या बरणीत तुम्ही खालचं झाकण फिरवून बरणी अलगद उचलता, कोळी वर आपल्या घरात निवांत, आणि झाकणावरची माती साफ करायला मोकळी. बरणीच्या अंगाला, जमिनीपासून चार बोटं वर, एक इंच व्यासाचं भोक पाडून त्याला कॉर्कचं बूच बसवा. त्यातून किडा सोडायचा, सिरिंजला नळी लावून वाटीत पाणी घालायचं. रोजच्या कामाला बरणी उचलावीच लागत नाही.

भोकं पाडायला सोल्डरिंग आयर्न चालतं, पण व्हरांड्यात बसून, धूर तोंडावर न घेता. आतल्या बाजूला वितळलेल्या प्लास्टिकची धारदार कड राहते, ती ब्लेडनं खरवडून काढा. कोळ्याचं पोट पातळ कातडीचं असतं, कडेला घासलं तर रक्त वाहून मरतो.

पुढे मोठा, पुढून उघडणारा डबा करून घ्यायचा झाला तर काचेचा किंवा ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिक घेताय तर दार ५ मिलिमीटरचं सांगा. ३ मिलिमीटरचं दार पावसाळ्यात आतल्या-बाहेरच्या ओलीच्या फरकानं बाक धरतं आणि कोपऱ्यात फट पडते. फट बाहेरून जाणवत नाही, कोळ्याला बरोबर सापडते. सांधायला माशांच्या टाकीचं सिलिकॉन वापरा, बाथरूमचं बुरशीरोधक नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईस्तोवर, आठवडाभर तरी, डबा उघडा ठेवा.

तळाला कोकोपीट. नर्सरीत विटा मिळतात. पण आपल्या किनारपट्टीवर नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात आणि भुशात मीठ राहतं. वीट बादलीत फुलवा, फडक्यात घालून पिळा, पुन्हा पाणी, पुन्हा पिळा, असं तीनदा. शेवटी मूठभर घट्ट दाबलं तर थेंब गळू नये एवढं कोरडं करा. पिंकटोला चार-पाच सेंटीमीटरचा थर पुरतो, तो काही बिळं खणत नाही. अंगणातली माती नको. तिच्यात मुंग्यांची अंडी, गोमेची पिल्लं आणि परसात कधीतरी मारलेलं औषध ह्यांपैकी काहीतरी हमखास असतं.

त्यात उभा करायचा तो लाकडाचा किंवा सालीचा तुकडा. कॉर्कची साल सर्वोत्तम, बुरशी धरत नाही, हलकी असते. गंमत म्हणजे जगात सगळ्यात जास्त कॉर्क पोर्तुगालमध्ये निघतो. ४५१ वर्षं पोर्तुगीज इथे राहिले, पण कॉर्कचं झाड काही गोव्यात रुजलं नाही. आज ती साल परदेशातून मागवावी लागते आणि हातभर नळीला जे पैसे मोजावे लागतात त्यात आपल्याकडे चार बरण्या सजतात. फणस, चिंच किंवा जांभळाच्या वठलेल्या फांदीची जाड साल घ्या. अर्धा तास उकळा आणि खडखडीत वाळवा. सध्या ऊन आहे तोवर हे काम उरका, जूनमध्ये वाळायची नाही. काजूचं लाकूड मी वापरत नाही, डिंक झिरपत राहतो. कडुनिंब अजिबात नको. त्यातला जो घटक किड्यांना कात टाकू देत नाही म्हणून शेतकरी निंबोळी अर्क फवारतो, तो कात टाकूनच वाढणाऱ्या प्राण्याच्या घरात कशाला? वखारीतलं लाकूड वाळवीचं औषध मारलेलं असतं, तेही टाळा. बांबू दिसायला छान, पण पावसात आतून काळा पडतो आणि भुंगेरा लागून पीठ झडतं. वापरलाच तर दर पावसाळ्याआधी बदला. आणि अभयारण्यातून, मग ते बोंडला असो, मोलें, खोतीगाव, नेत्रावळी की म्हादई, साधी सालही उचलू नका. वन्यजीव कायद्याच्या कलम २९ खाली तो गुन्हा आहे.

साल तिरकी, खालून वरपर्यंत टेकवून ठेवा आणि तिच्या मागे कोळ्याला मावेल एवढी फट सोडा. माथ्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात प्लास्टिकची पानं बांधा, शोभेच्या दुकानात वेलीसारखी मिळतात ती. हा भाग लोक गंमत म्हणून सोडून देतात. पण पिंकटोला रेशीम बांधायला आधाराचे बिंदू हवे असतात, आणि ते वर हवेत. गुळगुळीत भिंतीत तो विणू शकत नाही, मग दिवसेंदिवस कोपऱ्यात उघडा बसून राहतो. पानं नीट बांधली असतील तर एका रात्रीत फरक दिसतो. बुडाला रेशीम काढणारे दोन लांब बोटांसारखे अवयव असतात, ते डावीकडे-उजवीकडे झुलवत तो पानापासून सालीपर्यंत पांढरी पट्टी ओढतो, वळतो, पुन्हा ओढतो. पहिल्या दिवशी विरळ धुकं, आठवड्यात पडदा, महिन्यात दोन्हीकडून उघडी नळी. भक्ष्य सोडलं की नळीच्या तोंडाशी आधी गुलाबी टोकांचे पुढचे दोन पाय येतात, बाकी कोळी मागाहून.

नळी झाली की डबा बरोबर जमलाय असं समजा. कोळी सतत भोकांनाच चिकटून बसत असेल तर आत हवा कमी पडतेय. तळाशी, पाण्याच्या वाटीवर ठिय्या मांडून असेल तर तहानलेला आहे. जमिनीवर पाय पोटाखाली आखडून बसला असेल तर काम गंभीर आहे: त्याच दिवशी कोरड्या, हवेशीर डब्यात हलवा आणि डोकं पाण्याच्या वाटीच्या कडेला येईल असं ठेवा. पोट पाण्यात नको, श्वासाची भोकं पोटाच्या खालच्या बाजूला असतात.

पाण्याची वाटी बारा महिने, बाटलीच्या झाकणाएवढी, स्पंज किंवा कापूस न घालता. झाडावरचे कोळी वाटीतून पाणी पीत नाहीत हे खोटं आहे, रात्री खाली उतरून पितात. जून ते सप्टेंबर वाटी भरलेली आणि माती कोरडी. ऑक्टोबरपासून मे पर्यंत आठवड्यातून एकदा-दोनदा मातीचा एक कोपरा भिजवा आणि पानांवर दोन फवारे, कोळ्याच्या अंगावर नाही. एसीच्या खोलीत ठेवत असाल तर थोडं वाढवा. विहिरीचं पाणी उत्तम, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून घ्या.

तापमानाची काळजी तुम्हाला फक्त मे महिन्यात. कौलाखालचा माळा दुपारी भट्टी होतो, तिथे डबा नको. तळमजल्यावरची, चिऱ्याच्या जाड भिंतीची खोली, खिडकीचं थेट ऊन न येणारा कोपरा. फ्रिजवर ठेवू नका, कंपनं आणि मागून येणारी गरमी दोन्ही त्रासदायक.

आता मुंग्या. गोव्यातल्या घरात टॅरेंटुलाचा मोठा शत्रू मांजर किंवा पाल नव्हे, बारीक तांबड्या मुंग्या. कोळ्यानं खाऊन टाकलेल्या किड्याच्या चोथ्याचा वास लागला की रात्रीतून भिंतीवरून दोरा सुरू होतो. धडधाकट कोळी चार मुंग्या झटकून टाकेल. पण कात टाकताना तो उताणा, मऊ, हलू न शकणारा असतो आणि तेव्हा मुंग्या त्याला जिवंत खातात. उपाय जुनाच: दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पूर्वी पाण्याच्या वाट्या असायच्या, तसंच करा. स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर हलक्या मुंग्या पाण्याच्या पृष्ठभागावरून चालून जातात. स्टूल भिंतीला टेकता नये, पडद्याचं टोक किंवा वायर वरून लोंबता नये. वाट्यांतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या गेल्या आणि डास आले.

मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, डासांची लिक्विड मशीन हे सगळं त्या खोलीतून हद्दपार. ह्यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात. माणसाला सहन होतात ती किड्यांच्या आणि कोळ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात. त्या खोलीत झोपत असाल तर मच्छरदाणी लावा, तीही औषध न लावलेली. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियासाठी गल्लीत धुराचं मशीन येतं. आवाज आला की डबा घराच्या मधल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद, डब्यावर ओलसर पंचा, आणि बाहेरचा वास जाईस्तोवर उघडायचं नाही. कुत्र्याला गोचिडाचं औषध मानेवर घातलं असेल तर हात साबणानं धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

बुरशीसाठी स्प्रिंगटेल पाळा. पालापाचोळ्याखाली उड्या मारणारे पांढरे ठिपके, तेच. बंद डब्यात लाकडी कोळसा, तळाला पाणी आणि चार दाणे तांदूळ, एवढ्यावर त्यांची पैदास होते. चमचाभर कोकोपीटमध्ये सोडले की बुरशी खात राहतात. पण ते हवेचा पर्याय नव्हेत.

पावसात आणखी एक उपद्रव, फोरिड माश्या. कुबड आल्यासारख्या दिसणाऱ्या, उडण्याऐवजी धावणाऱ्या बारीक माश्या. मेलेल्या किड्यावर अंडी घालतात आणि अळ्यांची संख्या वाढली की कात टाकणाऱ्या कोळ्यालाही सोडत नाहीत. त्यामुळे न खाल्लेला किंवा खाऊन टाकलेला किडा दुसऱ्या सकाळी लांब चिमट्यानं बाहेर.

खाणं सोपं. कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा किडा नको. तुमच्या मादीला आठवड्यातून एक. शेताच्या बांधावरचे नाकतोडे किंवा दिव्यावर येणारे रातकिडे घालू नका, औषधाचा भरवसा नाही. डुबिया किंवा रेड रनर झुरळं पाळा, आणि इथे तुमची माशांची टाकी कामी येते: ही दोन्ही गुळगुळीत काचेवर चढू शकत नाहीत. तळाला अंड्यांचे ट्रे उभे रचा, वर बारीक जाळी घाला, खायला गाजर आणि कोंडा. स्वयंपाकघरातलं झुरळ मात्र काचेवर सरसर चढतं, शिवाय ते कुठून काय खाऊन आलंय कोण जाणे.

कोळ्यानं खाणं सोडलं, नळीची दोन्ही तोंडं रेशमानं लिंपून घेतली, की घाबरू नका. कात टाकायची तयारी आहे. आतला जिवंत किडा काढून घ्या, पाण्याची वाटी भरा आणि डबा हलवू नका. तो उताणा झोपलेला दिसला की लोक मेला समजून ढोसतात. मेलेला कोळी सहसा पाय आखडून पालथा असतो. कात टाकल्यावर दात आधी पांढरे, मग तांबूस, मग काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला देऊ नका, ह्या आकाराच्या कोळ्याला दहा दिवस तरी.

हातात घेणं टाळा. पिंकटो शांत आहे हे खरं, पण घाबरला की उडी मारतो, आणि फरशीवर आपटला तर पोट फुटतं. शिवाय त्याच्या पोटावरचे केस अंगाला लागले तर खाज सुटते. अमेरिकेतल्या बऱ्याच जमिनीवरच्या जातींसारखा तो हे केस हवेत उडवत नाही, स्पर्शानं टोचवतो. मागून नेम धरून विष्ठेची पिचकारी मारतो ते वेगळंच. हलवायचं असेल तर पारदर्शक ग्लास पालथा घाला, खालून लग्नपत्रिकेचं जाड कार्ड सरकवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढे आपल्याकडचीच, पश्चिम घाटातली पोसिलोथेरिया (झाडावरच्याच टॅरेंटुलांचा एक गट) ठेवता येईल का. दिसायला ती पिंकटोपेक्षा देखणी आहे ह्यात वाद नाही. पण विजेसारखी पळते, चावली तर स्नायूंना पेटके येतात आणि काही वेळा ते दिवसचे दिवस परत परत येतात. सापावरचं प्रतिविष ह्यावर चालत नाही. आणि कायदा. हा सगळा गट २०१९ पासून साइटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन साइटिसमधल्या जाती त्याच्या कक्षेत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. जंगलातून तर एकही उचलायची नाही. ह्याच गटातली निळी गुटी टॅरेंटुला १८९९ साली आंध्रातल्या गुटी इथल्या नमुन्यावरून नोंदली गेली आणि मग थेट २००१ साली नंद्याल-गिद्दलूर पट्ट्यातल्या जंगलात पुन्हा सापडली. एवढ्याशा जंगलात राहणाऱ्या प्राण्याला पाळणाऱ्यांच्या हौशीचा भार झेपत नाही. तुमच्या पिंकटोच्या बाबतीतही मित्राला विचारा, ती कुठल्या जोडीची, कुठे जन्मली, परदेशातून आली असेल तर कागद आहेत का. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका, आणि कागदांविषयी शंका राहिली तर वनखात्याच्या कार्यालयात विचारून मगच पुढे जा.

आणायच्या दिवशी पोट बघा. डोक्याकडच्या भागाएवढं किंवा थोडं मोठं, भरलेलं असावं. सुरकुतलेलं, आत गेलेलं पोट म्हणजे तहान. एखादा पाय कमी असला तर चालेल, दोन-तीन काती टाकल्या की परत येतो. घरी आणल्यावर आठवडाभर खाणं नाही, फक्त पाणी. ती कोपऱ्यात मुटकुळं करून बसेल, बसू द्या.

चवथीला गावाला जाल तेव्हा काही सोय करावी लागेल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोन येईलच. निघण्याच्या दोन दिवस आधी खायला द्या, चोथा काढा, वाटी काठोकाठ भरा, स्टुलाखालच्या वाट्यांतलं पाणी बदला. धडधाकट पिंकटो दोन आठवडे काही न खाता आरामात राहतो. घरातच गणपती असेल तर धूप-आरतीच्या खोलीपासून डबा लांब ठेवा. किल्ली शेजाऱ्यांकडे देत असाल तर त्यांना फक्त वाटीत पाणी आहे का ते बाहेरून बघायला आणि कमी असेल तर सिरिंजनं घालायला सांगा. किडे घालायला सांगू नका, आणि फवाऱ्याची बाटली त्यांच्या नजरेस पडेल अशी ठेवू नका.